मुख्तारचे ओले कान

माझा मुलगा मुख्तार खोटं बोलतो. बोलतो तर बोलो, दुकान चालवणाऱ्याला थोडं बोलावंच लागतं. पण त्याला ते नीट बोलता येत नाही, याचा मला जास्त राग आहे. पंचेचाळीस वर्षांचा झाला, दाढीत पांढरं आलं, आणि अजून सहावीतल्या पोट्ट्यासारखा चपलेकडे पाहून बोलतो.

त्या गुरुवारी अंधार पडायच्या आधी घरी आला. मी दारातल्या पलंगावर बसून लसूण सोलत होते.

"कोठी गेलता?"

"वणीले. वाइंडिंगची तार आणाले."

तारेचं बंडल हातात होतं, नाही असं नाही. पण मी पांढरकवड्यात सून म्हणून आले त्याला अट्ठेचाळीस वर्षं झाली. वणीहून आलेला माणूस मी कॉलरवरून ओळखते. कोळशाच्या ट्रकांमागून मोटरसायकलनं यायचं म्हणजे कॉलर काळी, रुमाल काळा, नाक शिंकरलं तर तेही काळं. याची कॉलर सकाळी त्याच्या बायकोनं, नसरीननं, इस्त्री करून दिली तशीच. आणि कान ओले. डोकं पुसलेलं होतं, दाढी पुसलेली होती, पण कानामागं पुसायचं कोणत्याच पुरुषाला सुचत नाही.

"पाऊस होता का वणीले?"

"नाही अम्मी. नोव्हेंबरात कुठला पाऊस?"

"मंग कान ओले कायले?"

"रस्त्यात तोंड धुतलं."

"इकडे ये," मी म्हटलं. तो वाकला. त्याच्या कानामागं बोटभर लांब हिरवा धागा चिकटला होता. शेवाळ. मी ते चिमटीनं काढलं आणि माझ्या पानदानात, सुपारीच्या खणात ठेवून दिलं. तोंड धुणाऱ्याच्या कानामागं शेवाळ येत नाही. शेवाळ विहिरीत असते.

आमच्या घरात विहीर हा शब्द काढायची सोय नाही. का नाही, ते सांगते.

मुख्तारचे अब्बा विहिरीत पडलेल्या, पाणी उपसायच्या मोटारी काढायचे. दोर तुटतो, पाण्यातली मोटार तळाला जाऊन गाळात बसते, आणि हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत शेतकरी आमच्या दारात उभा. अब्बा कमरेला दोरी बांधून उतरायचे, बुडी मारून मोटारीच्या कड्यात आकडा अडकवायचे आणि वर यायचे. त्यांचे नियम पक्के. आधी पेटता कंदील खाली सोडायचा. विझला तर खाली हवा वाईट आहे, उतरायचं नाही. दोरी घरच्या माणसानंच धरायची. आणि दोरी धरणारा बसत नाही, बिडी पेटवत नाही, कोणाशी बोलत नाही.

तेरा वर्षांपूर्वी एका दिवशी कंदील दुकानातच राहिला. त्या दिवशी मुख्तार वणीला तार आणायला गेला होता, खरोखरच गेला होता, म्हणून दोरी धरली त्या शेतावरच्या सालदार गड्यानं. सालदारानं दोरी बाभळीला बांधली आणि चहा प्यायला गेला. पुढचं मी कोणाला सांगत नाही.

अब्बांच्या मौतीच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि मी मुख्तारचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. आपल्या घरचा माणूस यापुढं विहिरीत उतरणार नाही. वर काढून आणलेली मोटार दुरुस्त करू, वाइंडिंग करू, खाली जाणार नाही. त्यानं कबूल केलं. रडत केलं. तेरा वर्षं पाळलंही.

आणि आता वणीचं नाव घेऊन, ओल्या कानांनी, माझ्यासमोर उभा.

मी आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा केला की माणूस पुढच्या वेळी कान पुसून येतो. मी पाहायला लागले.

पहिलं लक्षात आलं ते माझा झाडू. नवा झाडू आठ दिवसांत टकला व्हायला लागला. रोज दहा-पंधरा केसर, झाडूच्या काड्या, उपटलेले. नसरीनला विचारलं तर म्हणे, "उंदीर असतील अम्मी."

"उंदीर झाडू खातात?"

"आजकालचे उंदीर काय बी खातात."

माझी ही सून एरवी दोन शब्दांवर तिसरा बोलत नाही. त्या आठवड्यात तिनं मला तीन वेळा विचारलं, अम्मी खिचडा करू का, अम्मी शेवया करू का. न सांगता शेवया करणाऱ्या सुनेवर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरं म्हणजे माझी नात फरहाना. यवतमाळला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात आहे, सुट्टीत घरी आलेली. त्या गुरुवारी मैत्रिणीकडे जाते म्हणून तीही दिवसभर बाहेर होती. पोट्टी दिवसभर मोबाइलवर असते ते मला माहीत आहे, पण आता बाप दुकानातून आला की दोघं मागच्या मोरीत जायची, दार लोटून घ्यायची, आणि आतून पाण्याचा आवाज. डुबुक, डुबुक. मी जवळ गेले की आवाज बंद. बाप-लेकीला मोरीत एकत्र काय काम असते?

तिसरं मला शोधायला लागलं नाही, तेच मला चावलं.

पिठाच्या पिंपामागं मी लोणच्याची बरणी शोधत होते. हाताला बरणी लागली, पण आत लोणचं नव्हतं. पाणी, दोन-चार शेवाळाच्या काड्या, आणि आठ-दहा किडे. ज्वारीच्या दाण्याएवढे, राखाडी, पोटं वर करून तरंगणारे. पहिला विचार माझ्या मनात आला तो मी बोलून दाखवत नाही. एवढंच सांगते की मी कुणाचं काही वाईट केलं असेल का, कुणी आपल्यावर करणी केली असेल का, असा सगळा मोहल्ला डोक्यात फिरवून आले. मग बरणी उन्हात नेऊन बोट बुडवलं. एकानं असा डंख मारला की माझ्या तोंडून जी शिवी निघाली ती ऐकून शेजारच्या गच्चीवरचा माणूस आत गेला.

मग ओळखलं. लहानपणी आमच्या खेड्यात हेच किडे पोटं वर करून पोहतात म्हणून आम्ही हसायचो. आम्ही त्याला नुसता पाणकिडा म्हणायचो. लग्नानंतर मुख्तारच्या अब्बांनी त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली होती. "खैरुन, त्याच्या पोटाशी चांदीसारखं चमकते ते पाहिलं का? ती हवा आहे. तो आपली हवा काखेत मारून खाली जाते. आपण नाही नेऊ शकत."

मी ती बरणी मांडीवर घेऊन सगळी दुपार बसले. ते किडे मला पाहायचे नव्हते, मला चोर पकडायचा होता. पण पाहता पाहता पाहतच राहिले. त्याचे मागचे दोन पाय लांब, नावेच्या वल्ह्यांसारखे, आणि त्यांना बारीक केसांची झालर. पाय मागं मारताना ती झालर पसरते, पाणी रेटते. पाय पुढं आणताना तीच झालर मिटून पायाला चिकटते, पाण्याला कळतही नाही की पाय परत आला. आणि एकदा मारलं की लगेच दुसऱ्यांदा मारत नाही. पाय पोटाशी घेऊन पडून राहतो, नि तेवढ्या एका रेट्यावर पुढं जात राहतो. मोठा कंजूष जीव. बरणीच्या तळाला मातीचा थर होता, तो किडा त्याच्यावरून गेला तरी मातीचा एक कण हलला नाही.

आणखी एक पाहिलं. मी वाकले, माझी सावली बरणीवर पडली, तसे सगळेच्या सगळे तळाला. सावली काढली, वर आले. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. हे मी पदरात गाठ मारून ठेवलं.

बरणी जागेवर ठेवली आणि संध्याकाळी फरहानाला बोलावलं.

"ते किडे कोणाचे?"

तिचा रंग उडाला. "कॉलेजच्या प्रोजेक्टचे आहेत दादी. आपल्या टाकीतून काढले."

"गच्चीवरच्या?"

"हो."

"त्या टाकीले झाकण आहे. झाकणावर तुह्या बापानं दगड ठेवला. किडे दगड उचलून गेले का आत?"

"दादी, तुम्ही पोलिसात पाहिजे होत्या."

"मी सासू झाले, त्याच्यापुढं पोलीस काय." पण ती हसत हसत निसटली. मी जाऊ दिली. पोरगी निसटते, बाप निसटत नाही.

शुक्रवारी नमाजेहून मुख्तार आला, दोघं मोरीत गेली, डुबुक सुरू झालं, आणि मी दाराला लाथ घातली. गुडघे दुखतात माझे, पण लाथ अजून चांगली बसते.

मोरीत मोठा टब, टबात पाणी, आणि पाण्यात एक वस्तू. हाताच्या पंज्याएवढी. साबणदाणीची दोन झाकणं जोडून, सांध्यावर एम-सील थापलेलं. पुढं छोटा दिवा आणि छोटा कॅमेरा. मागून बारीक वायर बाहेर आलेली. दोन बाजूंना सायकलच्या आऱ्यांचे दोन पाय, आणि त्या पायांना माझ्या झाडूचे केसर.

"हा उंदीर का?" मी नसरीनकडे पाहिलं. ती माझ्यामागं येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मुख्तार चपलेकडे पाहायला लागला. मोरीत चपला नव्हत्या, म्हणून स्वतःच्या पायांकडे. फरहानाच बोलली.

"दादी, रागावू नका. हे विहिरीत जायसाठी आहे. माणसाच्या जागी."

मग ती बोलत सुटली. कॉलेजात तिला काही तरी बनवायचं होतं. तिनं ठरवलं, विहिरीत पडलेली मोटार शोधून तिच्या कड्यात आकडा अडकवणारं यंत्र बनवायचं, म्हणजे कोणाच्या घरचा माणूस खाली जायला नको. पहिलं यंत्र बापानं बनवलं, पंख्याचं. मोटारवाल्यांची अक्कल, सगळी जिंदगी फिरणाऱ्या वस्तूंत गेलेली, म्हणून पाण्यात काही ढकलायचं म्हटलं की यांना पंखाच सुचतो. पंखा फिरला, तळाचा गाळ उसळला, पाण्याचा चहा झाला, कॅमेऱ्याला दिसेना. शिवाय शेवाळ पंख्याला गुंडाळलं. तिथंच त्यांना दिसलं की त्याच शेवाळातून हे किडे मजेत फिरतात, अडकत नाहीत, गाळ हलवत नाहीत. "मोठमोठ्या देशांतले शास्त्रज्ञ पण अशा किड्यांकडे पाहून पाण्यातले रोबो बनवतात, दादी. इतक्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखं पातळ वाटत नाही, गुळाच्या पाकासारखं जड वाटतं. तरी तो इतक्या कमी ताकदीत पोहतो. आम्ही तेच करून पाहत आहोत."

"तिथंच म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"रूपसिंगच्या विहिरीवर," मुख्तार म्हणाला. "केळापूरच्या पुढं त्याचा बंजारा तांडा आहे. त्याची मोटार पडली आहे. आम्ही काठावरून पाहत होतो. फक्त काठावरून, अम्मी."

"अन् किडे?"

"बादलीनं काढले."

मी त्याच्याकडे पाहिलं. "अन् कान?"

"बादली हिंदकळली ना."

मी टबाकडे पाहिलं. ते यंत्र पाय मारत होतं, पुढं एक वीत जायचं, मागं एक वीत यायचं. पुढं, मागं. नमाजी माणूस झोपेत डुलतो तसं. एका जागी.

"हे जाते कुठं?" मी म्हटलं.

"तीच तर अडचण आहे," फरहाना कपाळाला हात लावून म्हणाली. "पाय बरोबर आहेत, झालर बरोबर आहे, जोर पण आहे."

आता मी रागात होते आणि रागात असताना मला दुसऱ्याची मूर्खता सहन होत नाही. "झालर बरोबर आहे म्हणे! अवं, तो किडा पाय मारताना झाडू पसरते अन् परत आणताना मिटते. तुमचा झाडू दोन्हीकडे उघडाच. जेवढं पुढं रेटता तेवढंच मागं रेटता. एका हातानं भरायचं अन् दुसऱ्यानं सांडायचं. दिवसभर बरणी लपवता, एकदा तिच्यात पाहिलं तरी का?"

फरहाना टबाशी उकिडवी बसून यंत्राची झालर पाहायला लागली. नळ टपकत होता.

"अन् त्याले इतकं पाय कायले मारू देता?" मी म्हटलं. "एकदा मारलं की पडू द्या त्याले. किडा पडून राहते. तुमचा सेल नाही संपणार काय अशानं?"

फरहाना उठली, ओल्या हातांनीच माझा चेहरा धरला आणि गालाची पापी घेतली. "दादी, मिटणार कसं पण? केसर तर ताठ आहेत."

"सायकलची ट्यूब आहे ना दुकानात? केसर बुडाशी रबरावर बसवा. एका बाजूला अडसर ठेवा. खिडकीची झडप एकाच बाजूला उघडते का नाही?"

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ते केलं. टबात सोडलं. पहिला पाय मारला, झालर पसरली, यंत्र सरळ जाऊन टबाच्या भिंतीला टक्कन धडकलं. फरहाना ओरडली. नसरीनसुद्धा हसली. मीही हसले असेन, कबूल करते. पण हसतानाही माझ्या पदराची गाठ तशीच होती. किडा सावली पाहून तळाला जातो. बादली विहिरीत सोडली की पाण्यावर पहिली तिचीच सावली पडते. बादलीत एखादा येईल, चुकून दोन येतील. बरणीत आठ-दहा होते. आठ-दहा किडे धरायचे तर माणसाला पाण्यात मानेपर्यंत स्थिर उभं राहावं लागते, इतकं स्थिर की किड्याला तो भिंत वाटला पाहिजे.

पण तेव्हा मी विचारलं नाही. का नाही विचारलं? खरं सांगते, त्या घरात तेरा वर्षांनी कोणी विहिरीबद्दल बोलताना हसत होतं, म्हणून नाही विचारलं.

मंगळवारी ते दोघं यंत्र घेऊन रूपसिंगच्या विहिरीवर गेले. मी म्हटलं मी येते. मुख्तार म्हणाला, "अम्मी, तुह्या गुडघ्याले तो रस्ता सोसणार नाही." सकाळी गेले, चार वाजता आले. मी मुख्तारला दारातच थांबवलं, डोकं खाली करायला लावलं, केसांचा वास घेतला. धूळ आणि तेल. कान कोरडे. तळहात पाहिले, दोरीचा वळ नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

"तपासून घेतलेलं बरं."

फरहाना मोबाइलवर मला दाखवत बसली. हिरव्या अंधारात एक दिवा सरकतो. शेवाळ येते, दिवा त्याच्या मधून जातो, एक पान हलत नाही. खाली गाळात मोटार पडलेली, लोखंडी, आडवी, मेलेल्या वासरासारखी. तिचं कडं दिसते. आकडा चुकतो. पुन्हा चुकतो. पाचव्यांदा बसतो. मग वरून रूपसिंग आणि त्याच्या माणसांचा आरडाओरडा, ओढा रे ओढा. मी ते तीन वेळा पाहिलं. अब्बा तिथं खाली काय पाहत होते ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं खाली काळोख असेल. काळोख नाही. हिरवं असते.

त्या दिवशी शेवया मीच केल्या.

बाजाराच्या दिवशी सुखीबाई आली. रूपसिंगची बायको. डोक्यावर टोपलं, टोपल्यात सीताफळं आणि हरभऱ्याची कोवळी भाजी. आमच्या पलंगावर बसली, पाणी प्यायली, आणि मला याडी म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मला बरं वाटलं.

"याडी, तुमच्या घरच्या यंत्रानं आमचा हरभरा वाचला. आमच्या तांड्यातले पोट्टे रोज विचारून राह्यले, तो पाण्यातला उंदीर केव्हा येईल म्हणून."

"नातीनं बनवला," मी म्हटलं. जरा मान वर करूनच म्हटलं. "पाय कसे पाहिजे ते मी सांगितलं."

"लय चांगलं केलं. या वेळी बरं झालं, मुख्तारभाऊले उतरायचं काम नाही पडलं."

घराला लागूनच्या दुकानात मुख्तार मोटारीचे बोल्ट आवळत होता. पाना थांबल्याचा आवाज मला पलंगावर आला.

"या वेळी," मी म्हटलं.

सुखीबाई बिचारी भोळी. "तं काय! मागच्या वेळी ते पंख्याचं अडकलं ना खाली. पोरगी म्हणे सोडून द्या पप्पा, मी दुसरं बनवीन. भाऊ म्हणे इतके दिवस लागले त्याले, सोडतो कसा. आमचे हे म्हणत होते माणूस बोलावू, तं त्याईनं कमरेले दोरी बांधलीच. गेले खाली. पाऊण तास पाण्यात होते. वर आले तं जेवणाचा डबा भरून किडेच घेऊन आले, हसून राह्यले होते."

"दोरी कोणं धरली?"

"तुमच्या नातीनं. मी म्हटलं बस बाई, पाय दुखतील. बसली नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. बोलली पण नाही कोणाशी. नुसते डोळे गळून राह्यले होते तिचे." सुखीबाईनं माझं तोंड पाहिलं आणि तिला काही तरी कळलं. "मी काही भलतं बोलली का, याडी?"

"नाही बाई. तू एकटीच खरं बोलली."

मी तिला चहा पाजला. तिच्या टोपल्यात परत जाताना नसरीनकडून शेवया घालून दिल्या. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत तिला सोडून आले. मग परत येऊन पलंगावर बसले आणि सगळ्यांना हाक मारली. नसरीन आली, फरहाना आली, सगळ्यात शेवटी मुख्तार आला, हात ग्रीसचे.

फरहाना आधीच रडत होती. "दादी, मी सांगणार होती. पप्पांनी कसम घातली."

"तू चूप बस. नाही, बसू नको. तू विहिरीवर उभी राहिली, तशीच उभी राहा." तिच्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. तिकडे मी आजवर पाहिलंच नव्हतं. मी मुलाचे हात तपासत राहिले. तिच्या तळहातावर बोटांच्या बुडाशी वाळत आलेला आडवा वळ होता, दोरी घट्ट धरणाऱ्याला पडतो तसा. मी तो ओळखते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं, दीर मोठा व्हायच्या आधी, अब्बांची दोरी मीच धरायची.

मी पानदान उघडलं. सुपारीच्या खणातलं शेवाळ आता वाळून काळ्या दोऱ्यासारखं झालं होतं. मुख्तारच्या ग्रीसच्या तळहातावर ते ठेवलं.

"अम्मी," तो म्हणाला, "यंत्र खालीच राहिलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. किडे दिसले नसते. माणूस विहिरीत जाऊ नये म्हणूनच तर..."

"म्हणून माणूस विहिरीत गेला."

नसरीननं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिलाही वळाचं माहीत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"कंदील सोडलता का आधी?" मी विचारलं.

तो चपलेकडे पाहायला लागला.

मग मी जे म्हटलं ते सगळ्यांसमोर म्हटलं, आवाज चढवला नाही. "मुख्तार, वर पाहा. माह्याकडे. तुले शाळा मिळाली, हुनर मिळालं, अन् अक्कल त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या किड्यापुरती पण नाही. तो खाली जाते तं आपली हवा संगं घेऊन जाते. तू रिकामा गेलता, अन् तुह्या जिवाची दोरी ह्या पोरीच्या हातात देऊन गेलता. माहा एक माणूस दोरी सोडणाऱ्यानं मारला. दोरी धरणारी तू मारली असती, तू वर आला नसता तं ही जिंदगीभर त्या काठावरच उभी राहिली असती. यंत्र चांगलं आहे, ते बंद होणार नाही. पण आजपासून ते ज्या विहिरीवर जाईल तिथं मी जाईन, गुडघे गेले खड्ड्यात. कंदील मी सोडीन. यंत्राची दोरी माह्या हातात राहील, मी बसणार नाही. खाली अडकलं तं तोडून देईन, किड्याईले खेळाले. अन् तू, बापा, काठापासून दहा पावलं दूर, बाभळीखाली, जमिनीवर मांडी घालून बसशील. माहं पोट्टं आहे म्हणून नाही म्हणत. तू भरवशाचा नाही म्हणून म्हणते."